मधली चौकट

१

त्याला सगळे खुसपट म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते कागदोपत्रीच राहिलं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तो काचा घासायचा, फ्रेमच्या मापाला आणायचा आणि बसवायचा. अर्ध्या मिलिमीटरची चूक ज्याला खपत नाही, असा माणूस उरलेल्या जगाशी कसा वागणार? शेजाऱ्याने हौसेने नवी खुर्ची आणून दाखवली, तर हा आधी वाकून तिचे चारी पाय सारखे आहेत का ते बघणार. कौतुक करून घ्यायला लोक त्याच्याकडे एकदा यायचे, दुसऱ्यांदा येत नसत.

एका बाबतीत मात्र हा माणूस भाविक होता. कॉमिक्स. संध्याकाळी दुकानातून आला की हातपाय धुवायचे, चहाचा कप घ्यायचा, संगणकापुढे बसायचं आणि चित्रांच्या साइटवरची आपली आवडती यादी उघडायची, हा त्याचा रोजचा नेम. तिथे ठिकठिकाणचे शौकीन कॉमिक्सची पानं टाकायचे. पान आवडलं की त्याखालचा छोटा बदाम दाबायचा, मग ते आपल्या यादीत जाऊन बसायचं. खुसपटच्या यादीत अकरा वर्षांत चारशे बारा पानं जमली होती. बाकीचे लोक आठवड्याला तेवढे बदाम उधळायचे, पण ह्याचा हात सैल सुटणं कठीणच.

यादीत सगळ्यात वर एक पान होतं. एका पातळ, काळ्यापांढऱ्या पुस्तकातलं. एका चौकटीत एक बाई बंद खोलीच्या दाराशी उभी आहे, हात कडीवर. पुढच्या चौकटीत ती बाहेर आलेली आहे आणि दार मागे लागलेलं आहे. चेहऱ्यावर भीती नाही, काही नाही. फक्त डाव्या बाजूचे केस ओले होऊन गालाला चिकटलेले. आत काय झालं ते चित्रकाराने काढलेलंच नाही. दोन चौकटींमध्ये बोटभर पांढरी जागा, बस. अख्ख्या पुस्तकात ती बाई नऊ वेळा त्या खोलीत जाते आणि नऊ वेळा वाचणाऱ्याला दाराबाहेर ताटकळावं लागतं.

आणि आता त्या पुस्तकावर सिनेमा आला होता.

२

सिनेमाला बायकोही आली. ती एका लॉन्ड्रीत डाग काढायच्या टेबलावर कामाला होती. कपडा हातात घेतला, नाकाशी नेला की चहा की कॉफी, रक्त की गंज, हे ती न बघता सांगायची. दिवसभर दुसऱ्यांची घाण हुंगून झाल्यावर पडद्यावर काहीही दाखवा, तिला चालायचं.

पडद्यावर दाखवलं ते असं. बाई खोलीत जाते, छत फाटतं आणि हजार दातांचं एक प्रचंड थोबाड खाली येतं. रक्ताच्या पिचकाऱ्या उडतात. खुर्च्या थरथरतील असा आवाज होतो. मग एक दंडवाला गडी भिंत फोडून आत शिरतो आणि त्या थोबाडावर घण घालतो. लोक शिट्ट्या मारत होते. खुसपटच्या शेजारचा माणूस मीठ लागलेली बोटं एकेक करून चोखत होता आणि मधूनच "कडक!" म्हणत होता. 

"शी," बाहेर आल्यावर तो म्हणाला. चार पावलं गेला आणि पुन्हा म्हणाला, "शी, शी! उकिरडा केला त्या पुस्तकाचा."

"मला तर आवडला बाई," बायको म्हणाली. "शेवटी ती वाचली तरी."

"वाचली! अगं, तिथे कुणी मारायला येतच नाही तिला. दात नाहीत, रक्त नाही. ह्या लोकांना काही कळत नाही म्हणजे काहीच कळत नाही."

"मग काय होतं त्या खोलीत? तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा ना. उगाच त्रागा कशाला?"

त्याला ठाऊक होतं. तेरा वर्षांचा असताना पहिल्यांदा ते पान बघितलं तेव्हापासून ठाऊक होतं, पण आजवर त्याने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. आज रागाच्या भरात तोंडातून गेलं.

"ते तिला चाटतं."

"काय करतं?"

"चाटतं. गाय वासराला चाटते तसं. सावकाश, अगदी प्रेमाने. ती बसून राहते आणि ते चाटत राहतं."

बायको रस्त्यातच थांबली. तिने तोंडावर पदर धरला. "ईऽऽ! हे असलं असतं तुमच्या डोक्यात? ह्यापेक्षा ते थोबाड बरं हो."

खुसपटला मनातून बरं वाटलं. पुस्तक वाचून माणसाला हेच वाटायला हवं होतं.

३

पण राग काही निवेना. साइटवर तर सिनेमातल्या त्या थोबाडाची चित्रं टाकायची अहमहमिका लागली होती. तेव्हा रविवारी सकाळी त्याने ठरवलं की बोलण्यापेक्षा काढूनच दाखवावं. ती मधली चौकट, जी चित्रकाराने मुद्दाम गाळली होती.

अडचण एकच. चेहरा समोर असल्याशिवाय ह्याला साधं नाकही काढता यायचं नाही. बायको न्हाऊन स्वयंपाकघरात स्टुलावर केस विंचरत बसली होती.

"अशीच बस जरा. मान डावीकडे कलती कर."

"मला कामं आहेत."

"दहा मिनिटं." त्याने अंगठ्याने तिचा गाल खालून वर ओढून बघितला, कातडीला सुरकुती कुठे पडते ते.

"अहो, गुदगुल्या होतात!"

दहा मिनिटांचे दोन तास झाले. खुसपटच तो, काही म्हणून सोडलं नाही. हनुवटीवरची लहानपणी पडल्याची खूण, चष्म्याने नाकावर पडलेले दोन खळगे, भुवईतली एकेक रेघ, हसून हसून डोळ्यांच्या कडांना आलेलं जाळं. ते जे काही चाटत होतं ते त्याने काढलं नाही. तेवढी अक्कल त्याला होती. काढली ती स्टुलावर शांत बसलेली बाई, आणि एका बाजूने वर ओढला गेलेला तिचा गाल. खाली लिहिलं, "सिनेमावाल्यांनो, हे असं आहे." आणि टाकलं साइटवर.

दुपारपर्यंत चाळीस बदाम. दोन दिवसांत नऊशे. आठवड्याभरात चार हजारांच्या वर. ज्याचं जन्मात कुणी कौतुक केलं नव्हतं त्या माणसाला लोक डोक्यावर घेऊन नाचायला लागले. गंमत म्हणजे सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: मलाही लहानपणापासून हेच दिसायचं. कुणाशी बोललो नव्हतो. वाटायचं, आपल्यालाच असलं घाणेरडं काही सुचतं.

स्वतःचं चित्र स्वतःच्या यादीत घ्यायचं नाही, असा खुसपटचा दंडक होता. तो त्याने मोडला. चारशे तेरावं चित्र त्याने उचलून सगळ्यात वर ठेवलं आणि रोज संध्याकाळी चहा घेता घेता तो ते निरखून बघायला लागला.

४

झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला त्यांच्या घरात सहा पावलांचा बोळ होता. एका सकाळी खुसपट पलंगावर बसून मोजे चढवत होता. बायको उठली, केसांना गाठ मारली आणि बोळात शिरली. हा मोजा ओढत तिच्या मागोमाग गेला. ती गॅसपाशी उभी होती आणि तिचे डाव्या बाजूचे केस ओले होते, गालाला चिकटलेले.

"तोंड धुतलंस?"

"आत्ता तर उठले. का?" तिने गालाला हात लावला. मग बोटं नाकाशी नेली. तिचा चेहरा आक्रसला. "शी. काय पडलं हे?"

खुसपटने बोळातलं छत बघितलं. कोरडं ठणठणीत. स्टुलावर चढून हात फिरवला, बोटाला नुसता चुना आला. वरच्या मजल्यावरच्यांची मोरी तर पार पलीकडे. त्याने उशी दाबून बघितली, तीही कोरडी. पण तो विज्ञाननिष्ठ माणूस होता. घाम असेल, तो म्हणाला. काही माणसांना एकाच बाजूने घाम येतो, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

"घाम मला ओळखता येत नाही होय?" बायको म्हणाली. तिने पदराचं टोक गालावरून फिरवलं, उजेडात धरलं, दोन बोटांत चोळलं. ओलं होतं ते तार धरत होतं. "लाळ आहे ही."

"झोपेत गळली असेल तुझीच."

"कानाच्या मागे? आणि बघा, अजून कोमट आहे."

खुसपट त्या दिवशी नाश्ता न करता दुकानात गेला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मानेवर. कधी बोळात, कधी न्हाणीघराच्या दारात, नेहमी ह्याची नजर तिच्यावरून क्षणभर उठली की तेवढ्यात. ती एका दारातून जायची ती कोरडी आणि दुसऱ्यातून निघायची ती ओली. मधे काही वेळ गेलेला नसायचा. चहा उतू जायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

५

तिचा चष्मा घसरायला लागला. ती दुपारच्या सुट्टीत दुकानात आली, "हा बघा हो, सारखा नाकाच्या शेंड्यावर येतो." त्याने दांड्या गरम करून वाकवल्या, नाकावर टेकणारे पॅड जवळ घेतले. चार दिवसांनी ती पुन्हा आली. त्याने पुन्हा घट्ट केला. तिसऱ्या वेळी त्याने दिवा तिच्या चेहऱ्यावर वळवला आणि बघितलं, तर नाकावरचे दोन खळगे नव्हते. वीस वर्षं चष्मा लावणाऱ्या बाईचं नाक, आणि त्यावर चष्म्याची खूण नाही! त्याने हजारो नाकं हाताळली होती. असं नाक त्याने फक्त दुकानाच्या काचेतल्या पुतळ्याचं बघितलं होतं.

दुकानाचे मालक गल्ल्यावरून म्हणाले, "वहिनी, काय लावता हो चेहऱ्याला? दहा वर्षांनी लहान दिसायला लागलात."

ती हसली, पण डोळ्यांच्या कडांना काही उमटलं नाही. ते जाळं कुठे गेलं? 

"लॉन्ड्रीत हजेरीच्या यंत्रावर अंगठा उठेना आज," जाता जाता ती म्हणाली. "तीनदा पुसून लावला. मालकीणबाई म्हणाल्या, केमिकलने झिजतात रेघा, माझेही झिजलेत."

"तेच असणार," खुसपट म्हणाला. "केमिकलच. हातमोजे घालत जा." बोलणं रास्त होतं. त्याने ते दिवसभर स्वतःलाही चार वेळा ऐकवलं. प्रत्येक वेळी ते थोडं कमी पटलं.

६

संध्याकाळी त्याने कपाटातून ते पातळ पुस्तक काढलं आणि दुकानातून आणलेलं भिंग डोळ्याला लावून बसला. पहिल्या वेळी खोलीत जाते तेव्हा त्या बाईच्या भुवईत बावीस रेघा आहेत. त्याने मोजल्या. तिसऱ्या वेळी चौदा. सहाव्या वेळी भुवई तीन फटकाऱ्यांत उरकलेली आहे, कानाच्या आतली वळणं गेलेली आहेत. नवव्या वेळी दारातून बाहेर येतो तो एक अंडाकार आणि ओठाची एक आडवी रेघ. जाणकार सांगत आले होते की चित्रकार कंटाळला, त्याच्यामागे घाई होती. खुसपटही अकरा वर्षं साइटवर हेच सांगत आला होता. शेवटच्या पानावर उघडं दार आहे आणि दारात कुणी नाही, सगळं पांढरं. त्याला सगळे चित्रकाराचं धाडस म्हणत.

चित्रातल्या माणसाला रेघांशिवाय असतं काय दुसरं? ते तिला साफ करत होतं.

"हे बघा," बायको दारात येऊन म्हणाली. तिच्या हातात तिचा कालचा ब्लाउज होता, मानेपाशी कडक झालेला. तिने तो टेबलावर अंथरला. तिचा आवाज कामावर असतो तसा झाला होता, कोरडा. "मी हे आज लॉन्ड्रीत नेऊन तपासलं. कुत्र्यामांजराची नाही ही. माणसाची आहे. आणि एकाची नाही."

"म्हणजे?"

"डागावर डाग आहेत. ही कड बघा, ही वेगळी, ही तिच्यावर चढलीये ती वेगळी. ह्यात तंबाखू आहे. ह्यात औषध. मोजायला गेले आणि सोडून दिलं." तिने ब्लाउज चिमटीत उचलला आणि बादलीत टाकला. "मला ओकारी येते हो. मी ह्याच हातांनी लोकांची सगळी घाण काढली आजवर. कधी असं झालं नाही."

 गेले कित्येक दिवस सकाळी उठल्यावर खुसपटच्या तोंडात एक चव असायची. औषधी, गोडसर, घशाला झोंबणारी. त्याने दोनदा टूथपेस्ट बदलली होती. आत्ता तिने पदर झटकला, लॉन्ड्रीचा तो नेहमीचा वास नाकात शिरला, आणि ती चव कशाची होती हे त्याला कळलं. तो मोरीवर गेला आणि जीभ टॉवेलने खरवडून काढली. टॉवेलवर एक लांब केस निघाला.

७

चित्र त्याने त्याच मिनिटाला साइटवरून काढलं. पाऊण तासात फोन वाजला. शाईमामा. हा एके काळी चित्रांवर शाई चढवायचं काम करायचा, आता दूर दुसऱ्या शहरात निवृत्त होऊन बसला होता. दोघं प्रत्यक्ष कधी भेटलेले नव्हते, पण साइटवर गेली नऊ वर्षं एकमेकांची उणीदुणी काढत आले होते.

"काय रे खुसपटा, चित्र काढलंस कशाला?"

"मामा, ते सगळ्यांनी पुसून टाका. तुम्ही तरी पुसा. हात जोडतो."

"वेडा की काय! सगळ्यांनी आपापल्याकडे उतरवून घेतलंय. मी तर छापून टेबलावर लावलंय. रोज बघतो. बघितल्याशिवाय दिवस सुरू होत नाही म्हण ना."

 "मामा, एक विचारू? सकाळी तोंडाला काही चव असते का?"

पलीकडे खुर्ची सरकली, दार लागलं.

"तुला कुणी सांगितलं?" शाईमामाचा आवाज खाली आला होता. "मी डॉक्टरला दाखवून आलो. म्हटलं, रॉकेलसारखी लागते, पण गोड. ड्रायक्लीनचे कपडे येतात ना घरी, अगदी त्या वासाची. मी तर आयुष्यात कधी ड्रायक्लीनला कपडे दिले नाहीत रे."

"किळस नाही येत?"

"पहिले दोन दिवस आली," शाईमामा म्हणाला. "खोटं कशाला बोलू? आता सवय झालीये."

खुसपटने फोन ठेवला. चार हजार तोंडं. त्यातल्या चारशे लोकांनाही एकेक करून गाठणं त्याला शक्य नव्हतं.

८

मग त्याने जे केलं ते त्याच्या ओळखीच्या कुणालाही खरं वाटलं नसतं. तो पुन्हा त्या सिनेमाला गेला. एकटाच, वही घेऊन. थोबाडाचे दात मोजून आला, घणाचा आकार टिपून आला. तीन संध्याकाळी बसून त्याने ती मधली चौकट नव्याने काढली: फाटलेलं छत, रक्ताच्या पिचकाऱ्या, आणि मधोमध त्याची बायको, दोन्ही हातांत घण घेऊन त्या दातांवर तुटून पडलेली. तिच्या चेहऱ्याची एकेक रेघ त्याने जुन्या फोटोंवरून घेतली आणि दोनदोनदा गिरवली. कसलं भिकार चित्र झालं ते! बाजारू, भडक, ढोल वाजवणारं. काढताना त्याला शरमेने घाम फुटत होता, पण हात थांबला नाही. खाली त्याने लिहिलं, "मी चुकलो. सिनेमा बरोबर होता. खोलीत हे असंच होतं. ती लढली आणि वाचली. आधीचं चित्र कृपा करून पुसून टाका."

लोकांना हे पटलं असतं तर ती वाचली असती, अशी त्याची खात्री होती. त्यांच्या डोक्यात ती खोली बदलायला हवी होती, बस.

लोकांनी थुंकायचंच बाकी ठेवलं. विकला गेला. पाय मातीचे निघाले. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. अकरा वर्षं सिनेमांना जे जे तो म्हणाला होता, ते ते लोकांनी शब्द न बदलता त्याला परत केलं. एकूण बदाम आले तीन. कुणीही काही पुसलं नाही. एकाने मात्र सभ्यपणे लिहिलं होतं: "थोबाड टाकाऊ आहे, पण बाईचा चेहरा झकास. डाव्या भुवईत अजून बऱ्याच रेघा शिल्लक आहेत."

सकाळी बायको बोळातून स्वयंपाकघरात आली तेव्हा तिची डावी भुवई नव्हती.

९

त्या दिवशी दोघांनीही सुट्टी टाकली. खुसपटने तिला सगळं सांगितलं. चित्र, चव, टॉवेलवरचा केस. केसाचं सांगताना त्याला मान वर करता येईना. ती ओरडेल, निदान रडेल असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त हात पुढे करून उताणा ठेवला. तळवा नव्या कोऱ्या बशीसारखा होता.

"काय काय राहिलंय ते सांगा," ती म्हणाली. "मला आरशात नीट कळत नाही. चष्मा टिकत नाही ना नाकावर."

त्याने खिडकीच्या उजेडात तिचा चेहरा बघितला. उजवी भुवई होती, अर्धी. हनुवटीवरची खूण गेली होती. ओठाच्या उजव्या कोपऱ्यापाशी एक बारीक रेघ होती, ती कुणाची फजिती करताना पडायची ती. ही वीस वर्षं त्याचीच फजिती करताना पडलेली होती. तिच्याकडे बघता बघता त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याने चटकन मान फिरवली. स्वतःची एवढी शिसारी त्याला जन्मात आली नव्हती.

"आहे थोडं," तो म्हणाला.

"मग असं करा. तुम्ही तिकडे भिंतीकडे तोंड करून बसा. मी इथे स्टुलावर बसते. दार लावलेलं आहे, खिडक्या लावलेल्या आहेत. तुम्ही नाही बघितलंत तर निदान तुमचं तरी थांबेल. कळू तर दे कोण येतं ते."

दुपारचे तीन वाजले होते. ऊन फरशीवर पार आतपर्यंत आलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून बसला, दोघांत चांगलं तीन हातांचं अंतर ठेवून, आणि डोळे मिटून घेतले. मागे तिचा श्वास ऐकू येत होता. स्टूल एकदा करकरलं. शेजारच्या घरी कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. खुसपटला वाटलं, काही नाही. माणूस एकदा घाबरला की त्याला दोरीचा साप दिसतो. भुवया काय, औषधानेही जातात. उद्या चांगल्या त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊ.

मग मागून आवाज आला. ओला, सावकाश. थांबत, पुन्हा येत.

"अहो," बायको हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, संकोच होता. "अहो, थांबा ना."

मी इथे आहे, असं तो म्हणणार होता. मी भिंतीपाशी आहे, मी हललोसुद्धा नाही. पण शब्द निघेना, कारण जीभ मोकळी नव्हती. मिटलेल्या तोंडात, दातांच्या आतल्या बाजूने, ती आपली आपणच वर जात होती, खाली येत होती, पुन्हा वर जात होती. ती गोडसर, झोंबणारी चव तोंडभर पसरली होती, आणि तिच्याखाली कातडीचा खारटपणा होता.

त्याने जीभ दातांत धरली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून चावली. तोंड रक्ताने भरलं.

मागचा आवाज थांबला.

"थांबलं," बायको म्हणाली. तिने सुस्कारा सोडला. "अहो, थांबलं हो." खुसपट भिंतीला कपाळ टेकून रडायला लागला. रक्त हनुवटीवरून शर्टावर टपकत होतं आणि त्याला वाटत होतं, तुटू दे, जीभ अख्खी तुटू दे, काही बिघडत नाही.

तेवढ्यात आवाज पुन्हा सुरू झाला. तिच्या उजव्या बाजूने. मग डावीकडूनही. मग पाठीमागून, वरून, एकात एक मिसळलेले, सावकाश आणि प्रेमळ.

"अहो, हे तुम्ही नाही," ती म्हणाली. तिचे शब्द आता अर्धवट ऐकू येत होते, तोंडावरून कुणी ओलं फडकं फिरवावं तसे. "सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात ना ते. सांगा ना."

त्याने तोंड उघडलं, पण चावलेल्या जिभेवरून शब्द उठेना, नुसतं रक्त आलं.